मध्यस्थामागील फाइल-सर्व्हर : रचना आणि विश्वासाची मर्यादा

संशोधनाची टिपणे व निरीक्षणांच्या नोंदी स्वतःच्या संगणकावर ठेवून दूरच्या सहकाऱ्यांस उपलब्ध करून द्यावयाच्या, तर पहिली अडचण पत्त्याची येते. इंटरनेटच्या चौथ्या आवृत्तीतील पत्ता ३२ बिटांचा असल्यामुळे एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटीच होतात. ह्या टंचाईमुळे कित्येक सेवा-कंपन्या अनेक ग्राहकांस मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात; अशा व्यवस्थेकरिता २०१२ साली १००.६४.०.० पासूनचा एक पत्तासमूह राखून ठेवण्यात आला. अशा ग्राहकास आतून बाहेर संबंध जोडता येतो. बाहेरून कोणी आपण होऊन आत येऊ शकत नाही.

ह्या विषमतेतच उपायही आहे. सार्वजनिक पत्ता असलेला एक लहान संगणक भाड्याने घ्यावयाचा आणि घरच्या सर्व्हरनेच त्याच्याशी संबंध जोडावयाचा. २०२० साली लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट झालेली वायरगार्ड प्रणाली ह्या कामी सोयीची होय. निष्क्रिय संबंधाची नोंद राउटर लवकरच पुसून टाकतो; यास्तव दर २५ सेकंदांनी एक रिकामा संदेश धाडण्याची तजवीज करावी.

खरा प्रश्न यापुढेच उद्भवतो. ब्राउझरकडून येणारा कूटबद्ध मजकूर उलगडावयाचा कोठे? तो मध्यस्थावर उलगडल्यास त्या यंत्रावर ताबा असणाऱ्यास वाचता येईल. म्हणजे कपाट घरी, परंतु किल्ली परक्याच्या हाती. मध्यस्थाने पाकिटावरील नाव तेवढे पाहून ते न फोडता पुढे धाडावे व प्रमाणपत्राची खाजगी किल्ली घरच्या सर्व्हरवरच राहावी, हे श्रेयस्कर.

परंतु ह्यातही एक गोम आहे. सर्व अभ्यागत मध्यस्थाच्याच पत्त्यावरून आल्यासारखे दिसतात. २०१६ साली सुरू झालेली नेक्स्टक्लाउड ही प्रणाली ज्या पत्त्यावरून चुकीचे पासवर्ड वारंवार येतात, त्याचा प्रवेश मंदावते. परिणामी एकाच्या चुकीचे प्रायश्चित्त सर्वांस भोगावे लागते. यास्तव मध्यस्थाने प्रॉक्सी प्रोटोकॉलद्वारे मूळ पत्ता कळवावा. मात्र सर्व्हरने तो केवळ त्या मध्यस्थाकडून आला असताच ग्राह्य मानावा, अन्यथा कोणीही खोटा पत्ता सांगू शकेल.

मध्यस्थ बंद पडल्यास केवळ वाट बंद होते. फाइली सुरक्षित राहतात. घरची डिस्क निकामी झाल्यास मात्र मध्यस्थाकडे देण्यासारखे काहीच नसते. फाइलींची दुसरी प्रत अन्यत्र ठेवणे व ती परत मिळविता येते की नाही हे वेळोवेळी पडताळणे, ही जबाबदारी कोणत्याही मध्यस्थावर सोपविता येत नाही.