पाणी कुठलं भरायचं?

दोस्तांनो, एक कोडं घालू का? बघा, सुटतंय का!

समजा, एका गावात पाण्याच्या तीन जागा आहेत. पहिली, ओढ्याकाठची जुनी विहीर. पाणी गोड, डाळ चटकन शिजते. दुसरी, शाळेजवळचा हापसा. पाणी काचेसारखं स्वच्छ, पण जरा मचूळ. डाळ शिजता शिजत नाही. तिसरी, ग्रामपंचायतीचा नळ. पाणी दिवसाआड येतं आणि त्याला औषधाचा वास येतो. आता सांगा, प्यायला पाणी कुठलं भरायचं?

"त्यात काय, विहिरीचं! गोड आहे ना!" तुमच्यापैकी बरेच जण असं म्हणतील. आजीही तेच म्हणेल. आणि आजीला कमी समजू नका हं! पाण्याची चव, वास, डाळ शिजते का, हंड्याला पांढरा थर बसतो का, हे सगळं ती वर्षानुवर्षं बघत आलेली असते. पण पाण्यातले दोन शत्रू असे लबाड आहेत, की ते जिभेला कळत नाहीत आणि डोळ्यांना दिसत नाहीत.

पहिला शत्रू म्हणजे रोगजंतू. पावसाळ्यात गावातली घाण वाहत ओढ्यात येते आणि झिरपत विहिरीत उतरते. मग हगवण, कॉलरा, टायफॉईड, कावीळ असे पाहुणे घरात येतात. लहान बाळांना तर नुसती हगवणसुद्धा जिवावर बेतू शकते.

गोड चव कशी फसवते, त्याची एक खरी गोष्ट ऐका. १८५४ साली लंडनमध्ये कॉलऱ्याची मोठी साथ आली. जॉन स्नो नावाच्या डॉक्टरांनी, माणसं कुठल्या घरात दगावली आणि ती पाणी कुठलं पीत होती, याचा घरोघर शोध घेतला. बोट एका सार्वजनिक पंपाकडे वळलं. पण त्या पंपापासून कितीतरी लांब राहणाऱ्या एक बाईही कॉलऱ्याने वारल्या होत्या. हे कसं? त्या बाई पूर्वी पंपाजवळ राहायच्या. तिथल्या पाण्याची चव त्यांना इतकी आवडायची, की रोज गाडीतून ते पाणी मागवायच्या! शेवटी पंपाचा दांडाच काढून ठेवला गेला.

आपल्याकडची गोष्ट याहून विलक्षण आहे. तुमच्या आजोबांना 'नारू' म्हणजे काय ते विचारा. पायऱ्यांच्या विहिरीत उतरून लोक पाणी भरायचे. त्या पाण्यात सायक्लॉप्स नावाचा बारीक जीव असायचा आणि त्याच्या पोटात नारूची पिल्लं. असं पाणी प्यायलं, की साधारण वर्षभराने पायातून दोऱ्यासारखा जंत बाहेर यायचा. चांगला हातभर, कधी मीटरभरसुद्धा लांब! पायाची आग आग व्हायची. माणूस थंड वाटावं म्हणून पाय पाण्यात बुडवायचा आणि जंत तिथेच पुन्हा पिल्लं सोडायचा.

यावर ना लस, ना गोळी. मग नारू गेला कसा? पाणी फडक्याने गाळून पिणं, पाय घालून पाण्यात न उतरणं, पायऱ्यांच्या विहिरींऐवजी हापसे आणि रहाट वापरणं, पाण्यातले सायक्लॉप्स औषधाने मारणं, अशा साध्या उपायांनी! भारतातला शेवटचा रुग्ण १९९६ साली राजस्थानात सापडला आणि २००० साली आपला देश नारूमुक्त जाहीर झाला.

"म्हणजे हापसाच बरा!" थांबा, घाई नको. दुसरा शत्रू तिथे दडलेला असू शकतो. त्याचं नाव फ्लोराइड. हे जमिनीखालच्या खडकातून पाण्यात विरघळतं. एका लिटरमध्ये १ मिलिग्रॅमपर्यंत असेल तर चालतं. दीडच्या वर गेलं, की असं पाणी वर्षानुवर्षं पिणाऱ्या मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात. प्रमाण फारच जास्त असेल, तर हाडं दुखतात, वाकतात. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांना हा त्रास चांगलाच ठाऊक आहे. आणि गंमत पाहा, उकळल्याने जंतू मरतात, पण फ्लोराइड जात नाही. उलट पाणी आटतं आणि ते जास्तच दाट होतं!

मग करायचं काय? पाण्याची परीक्षा घ्यायची! तुमची वार्षिक परीक्षा असते ना, तशी पाण्याचीही असते. पाणी बाटलीत भरून प्रयोगशाळेत पाठवतात. जलजीवन मिशन २०१९ साली सुरू झालं. त्यात गावातल्या पाच महिलांना पाणी तपासायचं शिक्षण देण्याची सोय केली आहे. जंतू तपासायची एक छोटी बाटली असते. तिच्यात पाणी भरून ठेवायचं. एक-दोन दिवसांत ते काळं झालं, तर पाणी नापास! शिवाय महाराष्ट्रात पाण्याच्या जागांची आणि आसपासच्या स्वच्छतेची पाहणी करून ग्रामपंचायतींना कार्डं देतात. लाल म्हणजे धोका जास्त, पिवळं म्हणजे मध्यम आणि हिरवं म्हणजे शाबास!

आणि नळाच्या पाण्याचा तो वास? तो टीसीएल पावडरचा. हजार लिटर पाण्याला साधारण ५ ग्रॅम पावडर टाकतात आणि निदान अर्धा तास थांबतात. किंचित वास येणं म्हणजे पहारेकरी जागा असल्याची खूण! वासाला कंटाळून विहिरीकडे वळू नका. पाणी माठात भरून थोडा वेळ ठेवलं, की वास कमी होतो. आणि हो, विकतचा जार गार असतो, म्हणून तो शुद्धच असतो असं मुळीच नाही. त्याचीही परीक्षा हवीच.

घरी एवढं नक्की करा :

● पाणी स्वच्छ, दुहेरी फडक्याने गाळा. जंतूंची शंका असेल तर चांगलं खळखळ उकळा.

● माठावर झाकण ठेवा. पाणी काढायला लांब दांड्याचं ओगराळं घ्या. माठात हात बुडवायचा नाही!

● विहिरीजवळ, हापशाजवळ कपडे धुणं, जनावरं धुणं बंद.

● हापशावर लाल खूण असेल, तर ती का केली आहे ते विचारा. तोवर ते पाणी पिऊ नका.

तर कोड्याचं उत्तर काय? विहीर, हापसा की नळ? उत्तर आहे, परीक्षेत पास झालेलं पाणी! तेव्हा या आठवड्यात आई-बाबांना घेऊन ग्रामपंचायतीत जा आणि विचारा, "आमच्या पाण्याचा निकाल काय लागला?" तुमचं प्रगतिपुस्तक सगळे बघतात. मग पाण्याचं कुणी बघायचं? तुम्हीच, नाही का?