गिरणगावातले डांगे आणि मालवणचा चाकरमानी

कामगारांचे कम्युनिस्ट पुढारी श्रीपाद अमृत डांगे १८९९ साली नाशिक जिल्ह्यात जन्मले. मालवणच्या किनाऱ्याशी त्यांचे जन्माचे नाते नव्हते. तरी त्यांच्या राजकीय विचारांची कसोटी ज्यांच्या जगण्यावर लागली, त्यांतले कितीतरी लोक देवगड, मालवण, वेंगुर्ल्याच्या बंदरांतून बोटीत बसून मुंबईत भाऊच्या धक्क्यावर उतरलेले चाकरमानी होते. आजचा सिंधुदुर्ग तेव्हा रत्नागिरी जिल्हा आणि सावंतवाडी संस्थान यांत विभागलेला होता, आणि मुंबईच्या गिरण्यांना सर्वाधिक माणसे पुरवणाऱ्या मुलखांत रत्नागिरीचे नाव अगदी वर होते.

डांग्यांच्या नावावर आज पुष्कळ वाक्ये फिरतात. ते फर्डे वक्ते होते आणि कामगार मैदानावरची भाषणे ऐकणाऱ्यांनी ती आपापल्या परीने गावी नेली, त्यामुळे मूळ शब्द कोणते आणि भर कोणती हे बहुतेक ठिकाणी वेगळे करता येत नाही. त्यांच्या गुरुस्थानी असलेल्यांचीही हीच गत आहे. भांडवलदार स्वतःच्या फाशीचा दोर आपल्यालाच विकतील, हे लेनिनचे म्हणून सर्रास सांगितले जाणारे वाक्य त्याच्या लेखनात सापडत नाही. मार्क्सचे धर्म आणि अफू हे वाक्य खरे, पण धर्म हा पिडलेल्यांचा उसासाही आहे हा त्याच परिच्छेदातला विचार गळून पडतो. गिरणगावात, लालबाग-परळच्या चाळीत भजनी मंडळ चालवणाऱ्या आणि लाल बावटाही खांद्यावर घेणाऱ्या कोकणी कामगाराला तो गळलेला भागच जास्त ओळखीचा वाटला असता. म्हणून डांगे समजून घ्यायचे तर त्यांनी लिहिलेले आणि केलेले पाहावे, असे मला वाटते.

१९२१ साली, बाविशीच्या आत, त्यांनी ‘गांधी विरुद्ध लेनिन’ ही इंग्रजी पुस्तिका लिहिली. तेव्हा लेनिनचे लेखन हिंदुस्थानात जवळजवळ पोहोचलेलेच नव्हते, आणि पुस्तिका लिहिणारा तरुण टिळकांच्या राजकारणात वाढलेला होता. गांधीजी दुःखाचे मूळ आधुनिक यंत्रसंस्कृतीत पाहतात, लेनिन ते यंत्राच्या मालकीत पाहतो, ही त्यातली मांडणी कच्ची असली तरी नेमकी होती. कोकणातून गिरणीत आलेल्या माणसाला माग नको होता असे नाही. मागावर घालवलेल्या दिवसाचा भाव कोण ठरवतो, हा त्याचा प्रश्न होता.

हा प्रश्न १९२८ साली रस्त्यावर आला. एप्रिल ते ऑक्टोबर असा सहा महिने चाललेला संप, दीड लाखांच्या आसपास कामगार, डांगे, मिरजकर, निंबकर, जोगळेकर हे पुढारी आणि स्वतः गिरणीत काम केलेले अर्जुन आत्माराम आळवे. याच संपात उभ्या राहिलेल्या गिरणी कामगार युनियनचे सभासद वर्षअखेरीस ५० हजारांच्या पुढे गेले. मार्क्सवादी पोथीत कामगाराजवळ श्रमाखेरीज विकायला काही नसते. मालवणी कामगाराजवळ मात्र गावी भाताचा एखादा कुणगा, घर आणि राबणारी बायको होती. गावाशी बांधलेला हा माणूस अर्धाच कामगार, तो लढ्यात टिकणार नाही, असे पुष्कळांना वाटे. घडले उलटे. गिरणी बंद पडली की तो गावी जाई, पेरणी-लावणीला हात लावी आणि मालकाला दाद न देता थांबू शके. मुंबईत उरलेल्यांना गाववाल्यांच्या खोल्यांनी आणि उधारीवर जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बायांनी तारले. संपाच्या इतिहासात पुढाऱ्यांची नावे येतात. लावणीच्या चिखलात उभ्या राहिलेल्या त्या बायकांचाही त्यात वाटा आहे, आणि तो अजून पुरेसा लिहिला गेलेला नाही.

डांग्यांच्या विचारातली मोठी पोकळीही याच संपात दिसली. विणकाम खात्यात दलित कामगारांना प्रवेश नव्हता, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि सवर्णांना तो विटाळ वाटे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न धसास लावला. संपाचे पुढारी त्याला मनापासून सामोरे गेले असे म्हणता येत नाही. कोकणातल्या महार कामगाराला वर्गाची एकजूट सांगायची आणि मागाशी उभे राहू द्यायचे नाही, हे चालणार नव्हते. दहा वर्षांनी वाटा काही काळ जुळल्या. बाबासाहेबांनी १९३७ मध्ये कोकणातली खोती, म्हणजे गावच्या जमिनीवर खोतांची सत्ता ठेवणारी पद्धत, रद्द करण्याचे विधेयक आणले, जानेवारी १९३८ मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला, आणि ७ नोव्हेंबरला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्धच्या संपात आंबेडकर आणि डांगे एका बाजूला उभे होते. खोती कायद्याने जायला मात्र १९४९ उजाडले.

त्याच वर्षी डांग्यांचे आदिम साम्यवादापासून गुलामगिरीपर्यंतच्या भारताविषयीचे पुस्तक आले. वैदिक यज्ञ म्हणजे सामूहिक उत्पादनाची रीत, असे त्यांनी त्यात मांडले. गोव्यात जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी स्वतः मार्क्सवादी, पण त्यांनी पुराव्यांच्या हाताळणीवरून या पुस्तकाची कठोर तपासणी केली. कोसंबींची बाजू मला पटते. सामूहिक श्रम शोधायला वेदकाळात जायची गरजही नव्हती. मालवणच्या किनाऱ्यावर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे लांब जाळे, लागते तेव्हा दोन्ही टोकांना माणसे ओढायला उभी राहतात आणि मासळीचे वाटे पडतात. जाळ्याचा वाटा वेगळा, ओढणाऱ्याचा वेगळा, म्हणजे मालकीचा प्रश्न तिथेही आहे. पर्ससीन जाळ्यांच्या बोटी आल्यावर भांडवल आणि श्रम यांचा झगडा याच पाण्यात उघड झाला. पारंपरिक मच्छीमारांच्या दीर्घ लढ्यानंतर २०१६ मध्ये राज्य सरकारने पर्ससीनवर निर्बंध घातले, तरी झगडा संपलेला नाही.

निवडणुकीच्या राजकारणात लाल बावटा या किनाऱ्यावर रुजला नाही. १९५७ साली संयुक्त महाराष्ट्र समितीच्या लाटेत डांगे मुंबईतून लोकसभेत गेले, राजापूर मतदारसंघाने मात्र वेंगुर्ल्याचे समाजवादी नाथ पै निवडले आणि पुढे मधु दंडवत्यांना पुन्हा पुन्हा निवडून दिले. मुंबईत एक झेंडा, गावात दुसरा. यात मला विसंगती दिसत नाही. गिरणीतला लढा पगाराचा होता, गावातला रस्त्याचा, शाळेचा, रेल्वेचा.

१९८१ साली सिंधुदुर्ग जिल्हा झाला आणि त्याच वर्षी डांग्यांना त्यांच्याच कम्युनिस्ट पक्षाने काढून टाकले. जानेवारी १९८२ मध्ये दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांचा शेवटचा मोठा संप सुरू झाला. याही वेळी कोकणी कामगार गावी परतला, गावाने त्याला पोसलेही. पण १९२८ मध्ये मालकांना गिरण्या चालवायच्या होत्या. १९८२ नंतर अनेकांना गिरणीपेक्षा खालची जमीन मोलाची वाटू लागली, आणि थांबण्याची जी ताकद कामगाराजवळ होती ती निरुपयोगी ठरली. डांगे १९९१ मध्ये गेले. त्यांनी तरुणपणी विचारलेला मालकीचा प्रश्न आता गिरण्यांच्या जमिनीवर कामगारांना मिळायच्या घरांपाशी येऊन ठेपला आहे. म्हाडाकडे दीड लाखाहून अधिक गिरणी कामगार आणि वारसांचे अर्ज आले, घरे त्या मानाने फारच थोडी निघाली. त्या अर्जदारांत सिंधुदुर्गातले वारसही आहेत, आणि बापाने गिरणीत काम केले होते हे कागदोपत्री सिद्ध करण्याचे ओझे अजून त्यांच्यावरच आहे.