बयाणा देण्यापूर्वी एजंटाचा नंबर विचारा

मुंब्रा, मीरा रोड किंवा भिवंडीत घर घ्यायचे म्हटले की मोहल्ल्यातला इस्टेट एजंट हाच पहिला दुवा. त्याला गल्ली ठाऊक, बिल्डर ठाऊक. त्याची मदत घेण्यात गैर काही नाही. मात्र 2016 च्या रेरा कायद्यानुसार नोंदणीकृत प्रकल्पातील घरे विकणाऱ्या एजंटालाही स्वतःची नोंदणी करावी लागते. आपल्या राज्यात हा नंबर ‘ए’ अक्षराने आणि प्रकल्पाचा ‘पी’ने सुरू होतो. दोन्ही महारेराच्या संकेतस्थळावर ताडून पाहावेत.

फसगत होते ती बहुधा बयाण्यात. ‘आज द्या, उद्या भाव चढेल’ ही घाई एजंटाची, आपली नव्हे. करारनामा नोंदवण्यापूर्वी बिल्डरला किमतीच्या 10 टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. म्हणजे 40 लाखांच्या घरास फार तर 4 लाख. तेही बिल्डरच्या नावे चेकने द्यावेत, एजंटाच्या हाती रोख नव्हे. दलाली किती, हे आधीच लिहून घ्यावे. नंतर त्यावरूनच वाद होतात.

जुने घर असेल तर मागील सर्व करारनामे, इंडेक्स दोन आणि सोसायटीची थकबाकी नसल्याचा दाखला मागावा. कागद दाखवण्यात टाळाटाळ झाली तर बयाणा खिशातच ठेवावा.