एका प्रेक्षकाचा राजवाडा

बव्हेरियाच्या दक्षिण टोकाला, सपाट हिरवी कुरणे संपून आल्प्स पर्वताची पहिली उत्तुंग भिंत जेथे एकाएकी समोर ठाकते, तेथे एका अरुंद कड्यावर नॉयश्वानश्टाइन नावाचा शुभ्र पाषाणाचा राजवाडा उभा आहे; आणि त्याचे निमुळते मनोरे व भोवतालची काळीभोर सूचिपर्णी वृक्षराजी यांची तसबीर दिनदर्शिकांवरून जगभर इतकी पोचली आहे की, ज्याने जर्मनीची भूमी कधी पाहिली नाही त्याच्याही डोळ्यांपुढे परीकथेतला राजवाडा म्हटले की हाच उभा राहतो. वॉल्ट डिस्ने यांच्या कॅलिफोर्नियातील डिस्नेलँडमध्ये १९५५ साली जो निद्रिस्त राजकन्येचा प्रासाद उभा राहिला, त्यालाही प्रेरणा याच वास्तूची होती.

गडकिल्ल्यांच्या मुलखात वाढलेला मराठी प्रवासी मात्र येथे आला की प्रथम थोडा बुचकळ्यात पडतो. किल्ला म्हटला म्हणजे आपण आधी पाण्याची टाकी शोधतो, दरवाजा कोणत्या बाजूस वळवून घेतला आहे ते पाहतो, जंग्यांवरून मारा कोणीकडे होत असेल याचा अदमास घेतो. येथे मनोरे आहेत, तटबंदीचा आभास आहे, प्रवेशद्वारावर चऱ्याही आहेत. परंतु यांतले काहीही युद्धोपयोगी पडावे असे बांधविणाऱ्याच्या स्वप्नातही नव्हते. या वास्तूचा पाया ५ सप्टेंबर १८६९ रोजी घातला गेला, आणि उंच तटाच्या भरवशावर राज्य राखण्याचे दिवस युरोपात तोवर केव्हाच मागे पडले होते. शत्रूसाठी नव्हे, दरबारासाठीही नव्हे, तर मग हा खटाटोप कोणासाठी, हा प्रश्न मनाशी धरून जो आत शिरतो त्यालाच हा राजवाडा उलगडतो, असे माझे मत आहे; बाकीच्यांना केवळ दिनदर्शिकेवरचे चित्र मोठ्या आकारात पाहावयास मिळते.

म्युनिकहून फ्यूसेन या जुन्या गावापर्यंत आगगाडीने सुमारे दोन तास लागतात, आणि तेथून बसने थोड्याच मिनिटांत आपण पायथ्याच्या होएनश्वांगाउ या खेड्यात येतो. तिकिटावर प्रवेशाची वेळ छापलेली असते, आणि ती चुकली तर दाद लागत नाही. म्हणून चाळीसएक मिनिटांची चढण हिशेबात धरून निघावे. पाय थकलेल्यांसाठी घोडागाड्या आहेत. आत मार्गदर्शकाच्या मागोमाग सुमारे अर्धा तास फिरता येते, आणि छायाचित्रे काढण्यास सक्त मनाई आहे. ही मनाई मला इष्ट वाटते, कारण तिच्यामुळे का होईना, माणसे भिंतींकडे डोळ्यांनी पाहतात.

याच खेड्यात, आल्पझे नावाच्या सरोवराच्या काठी, पिवळ्या रंगाचा दुसरा एक वाडा आहे, आणि कथेचा आरंभ तेथे होतो. बव्हेरियाचा युवराज माक्सिमिलियान याने १८३२ मध्ये एका जुन्या गढीचे भग्नावशेष विकत घेऊन हा वाडा बांधविला आणि त्याच्या भिंती मध्ययुगीन जर्मन आख्यानांच्या चित्रांनी भरून काढल्या. त्याचा ज्येष्ठ पुत्र लुडविग, ज्याचा जन्म २५ ऑगस्ट १८४५ चा, याच चित्रांच्या सहवासात वाढला. हंसाने ओढलेल्या नावेतून येऊन निराधार राजकन्येचे रक्षण करणारा आणि आपले नाव विचारले जाताच निघून जाणारा वीर लोहेनग्रिन हा त्या भिंतीवर होता. आणि पंधराव्या वर्षी, १८६१ मध्ये, रिशार्ड वाग्नर याची त्याच कथानकावरील संगीतिका पाहण्याचा योग आला, तेव्हा बालपणीच्या चित्राला स्वर लाभला. पुढे १० मार्च १८६४ रोजी, अवघ्या अठराव्या वर्षी, लुडविग सिंहासनावर आला, आणि राज्यारोहणानंतर अल्पावधीत त्याने सावकारांच्या तगाद्याने परागंदा झालेल्या वाग्नरला शोधून काढून दरबारी बोलाविले व त्याची देणी आपल्या खजिन्यातून फेडली. मंत्र्यांना व म्युनिकच्या नागरिकांना हा आश्रय रुचला नाही. १८६५ च्या डिसेंबरात वाग्नरला राजधानी सोडावी लागली.

या मनस्वी तरुण राजाच्या आयुष्याला दुसरा आणि अधिक खोल धक्का १८६६ मध्ये बसला. ऑस्ट्रिया व प्रशिया यांच्या युद्धात बव्हेरियाने ऑस्ट्रियाचा पक्ष घेतला, पराभव पदरी आला, आणि नंतर झालेल्या कराराने युद्धप्रसंगी बव्हेरियाची फौज प्रशियाच्या हुकमतीखाली देण्याचे कबूल करावे लागले. चारच वर्षांनी प्रशियाचा पंतप्रधान बिस्मार्क याने तयार केलेल्या मसुद्यावरून प्रशियाच्या राजाला सम्राटपद स्वीकारण्याची विनंती करणारे पत्र लुडविगलाच आपल्या हातांनी लिहावे लागले. राजाचा किताब राहिला, राजचिन्हे राहिली. पण ज्या अर्थाने तो राजपद समजत होता, देवाने सोपविलेले, अखंड आणि पवित्र, तो अर्थ राहिला नाही. मध्यंतरी १८६७ मध्ये त्याने जर्मनीतील वार्टबुर्गचा आणि फ्रान्समधील प्येरफाँचा असे दोन जीर्णोद्धारित किल्ले पाहिले होते. बाहेरच्या जगात हातचे गेलेले राज्य दगडात तरी अबाधित उभे करावे, ही आकांक्षा त्यानंतर त्याच्या मनात दृढ झाली, आणि नॉयश्वानश्टाइन हे तिचे पहिले मोठे फळ होय.

पुढची गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे. राजाने या वास्तूच्या दृश्याची प्रथम कल्पना करण्याचे काम एखाद्या स्थपतीला न देता क्रिस्टियान यांक या रंगभूमीच्या चित्रकाराला दिले, जो नाटकगृहासाठी पडदे व देखावे रंगवीत असे. यांकने चित्रे काढावीत, राजाने त्यांत बदल सुचवावेत, आणि मग एडुआर्ड रीडेल व त्याच्यामागून गेओर्ग डॉलमान या राजस्थपतींनी ते दृश्य कड्यावर उभे राहील अशी सोय करावी, असा क्रम होता. कड्यावर पूर्वीच्या दोन लहान गढ्यांचे अवशेष होते. ते पाडून, सुरुंग लावून, माथा कित्येक फूट खाली उतरविण्यात आला. भिंतीचा गाभा विटांचा आहे आणि बाहेरून त्यावर फिकट चुनखडीच्या दगडाचे आच्छादन आहे. वाफेच्या यारीने सामान वर चढत असे. एकट्या १८७९-८० या सालात ४६५ टन संगमरवर, १५५० टन वालुकाश्म आणि चार लक्ष विटा लागल्याची नोंद आहे. गवंडी, पाथरवट, सुतार अशा शेकडो माणसांना येथे वर्षानुवर्षे रोजगार मिळाला, आणि १८७० मध्ये कारागिरांचा जो साहाय्यक निधी स्थापन झाला त्यात त्यांच्या वर्गणीबरोबर राजाचीही भर पडे, जिच्यातून आजारपणात मजुराला काही रक्कम मिळत असे. राजाला केवळ स्वप्नाळू म्हणून निकालात काढणाऱ्यांनी ही नोंदही वाचावी.

आत शिरल्यावर सर्वांत भव्य दालन लागते ते सिंहासनगृहाचे. कॉन्स्टँटिनोपलच्या हागिया सोफियाची आठवण देणाऱ्या या बायझंटाइन धर्तीच्या दालनात वर ताऱ्यांनी खचित घुमट आहे, पायाखाली वीस लक्षांहून अधिक खड्यांची पशुपक्षी व वृक्षवेली दाखविणारी जडावाची भूमी आहे, आणि मध्ये मुकुटाच्या आकाराचे सुमारे ९०० किलो वजनाचे झुंबर लोंबते, जे मेणबत्त्या लावण्यासाठी रहाटाने खाली घ्यावे लागे. समोर शुभ्र संगमरवरी पायऱ्या चढत जातात, त्यांच्या माथ्याशी संतपद पावलेल्या सहा राजांची चित्रे आहेत, आणि जेथे सिंहासन असावयाचे तेथे काहीही नाही. ते घडविले जाण्यापूर्वीच राजाचा अंत झाला. हे दालन दरबार भरविण्यासाठी कधी नव्हतेच. राजपदाचे देवालय म्हणून ते योजिले होते.

शयनगृह त्या मानाने लहान आहे, पण तेथे नजर जितकी जवळ न्यावी तितके काम सूक्ष्म होत जाते. पलंगावरील ओक लाकडाच्या छतातून एखाद्या गॉथिक मंदिरासारखी बारीक बारीक शिखरे उगवली आहेत, आणि कोरीवकाम करणारे चौदा कारागीर चार वर्षांहून अधिक काळ या खोलीत खपले असे सांगतात. पडदे व आच्छादने राजाच्या आवडत्या निळ्या रंगाची असून त्यांवर हंस, सिंह, मुकुट व लिलीची फुले भरली आहेत. भिंतीवर ट्रिस्टान आणि इझोल्डे यांची प्रेमकथा आहे. हात धुण्याच्या पात्रावर चांदीच्या मुलाम्याचा हंस आहे आणि पाणी त्या हंसातून येते. ते पाणी नोकराने ओतलेले नव्हे, कारण डोंगरातील झऱ्यापासून नळ घालून वास्तूच्या प्रत्येक मजल्यावर पाणी खेळविलेले होते. उष्ण हवेने खोल्या गरम ठेवण्याची व्यवस्था, सेवकांना बोलाविण्यासाठी विजेच्या घंटा, जेवण वर आणणारा पाळणा, इतकेच काय, दूरध्वनीसुद्धा येथे होता! स्वयंपाकघरात तर तापलेल्या हवेच्या झोतानेच मांस भाजण्याचे गज फिरत. तेराव्या शतकाचा देखावा एकोणिसाव्या शतकाच्या यंत्रविद्येने उभा केलेला आहे, आणि मला हा राजवाडा त्याच्या खोट्या प्राचीनतेहून या खऱ्या समकालीनतेमुळे अधिक मोलाचा वाटतो.

वरच्या मजल्यावरील गायनगृह वार्टबुर्गच्या सभागृहावरून बेतलेले आणि पार्सिफालच्या आख्यानाने चितारलेले आहे. राजाच्या हयातीत तेथे एकही मैफल झाली नाही. पहिली झाली ती १९३३ मध्ये, वाग्नरच्या मृत्यूस पन्नास वर्षे पूर्ण झाल्यानिमित्त.

या सर्वाचा खर्च राज्याच्या तिजोरीतून होत नसे. राजाला मिळणारी खासगी नेमणूक आणि तिच्या तारणावर काढलेली कर्जे यांतून तो भागे. मूळ अंदाज ३२ लक्ष मार्कांचा होता, तो राजाच्या मृत्यूपर्यंत ६० लक्षांपलीकडे गेला. आणि इतर बांधकामे धरून एकंदर कर्ज १ कोटी ४० लक्ष मार्कांच्या घरात पोचले. परदेशी सावकारांनी जप्तीची भीती घातली, तरी राजा काम थांबवीना. तेव्हा मंत्रिमंडळाने त्याला दूर करण्याची मसलत केली. डॉ. बर्नहार्ड फॉन गुडेन व त्याच्या तीन सहकाऱ्यांनी ८ जून १८८६ रोजी राजा असाध्य वेडा असल्याचा दाखला दिला. आणि तो दिला राजाला स्वतः न तपासता, नोकरचाकरांच्या जबान्यांवरून. राजाच्या वागण्यात विक्षिप्तपणा होता हे खरे, पण कोणत्याही सामान्य माणसालाही मिळावी एवढी तपासणी ज्याला मिळाली नाही, त्याच्यावर अन्याय झाला, असे म्हणण्यास मी कचरत नाही. याच राजवाड्यातून त्याला ताब्यात घेऊन १२ जूनला श्टार्नबेर्ग सरोवराकाठच्या बेर्ग येथे नजरकैदेत नेले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो आणि डॉ. गुडेन दोघेही फिरावयास गेले आणि दोघांचीही प्रेते सरोवरात सापडली. त्या मृत्यूविषयीचा वाद आजही चालू आहे.

ज्या वास्तूत राजाने एकूण १७२ दिवस वास्तव्य केले आणि जिथे परक्या माणसाचे पाऊल पडू नये अशी त्याची इच्छा होती, ती मृत्यूनंतर सात आठवड्यांच्या आत, १ ऑगस्ट १८८६ पासून, पैसे भरणाऱ्या प्रेक्षकांना खुली करण्यात आली. नॉयश्वानश्टाइन हे नावही तिला मृत्यूनंतरच मिळाले. योजिलेला ९० मीटर उंचीचा मुख्य मनोरा कधीच उभा राहिला नाही, आणि अनेक खोल्या आजही रिकाम्या आहेत. दुसऱ्या महायुद्धात नाझी अधिकाऱ्यांनी फ्रान्समधून लुटलेल्या कलावस्तू येथे दडवून ठेवल्या होत्या. १९४५ मध्ये अमेरिकन सैन्याला त्या येथे मिळाल्या. आता वर्षाकाठी दहा लाखांहून अधिक प्रवासी येतात.

राजवाडा संपूर्ण दिसतो तो मागच्या बाजूच्या मारीएनब्र्यूके या पुलावरून. लुडविगच्या आईच्या नावाचा हा पूल पूर्वी लाकडी होता. पायाभरणीच्या तीन वर्षे आधी, १८६६ मध्ये, त्याने तो लोखंडाचा करविला. प्योलाट नदीच्या घळीवर सुमारे ९० मीटर उंचीवर तो टांगलेला आहे, आणि यांकने कागदावर जे दृश्य मांडले ते कोठून पाहावयाचे हे तेथे उभे राहिल्यावरच कळते. हिमवृष्टीच्या दिवसांत तो बंद असतो, म्हणून मे ते ऑक्टोबर हा काळ मी उत्तम समजतो.

२०२५ च्या जुलैत पॅरिस येथे भरलेल्या युनेस्कोच्या बैठकीत नॉयश्वानश्टाइन, लिंडरहोफ, शाखेन व हेरेनकीमझे या लुडविगच्या चार वास्तूंना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. त्याच बैठकीत रायगड, राजगड, सिंधुदुर्ग यांसह मराठ्यांच्या बारा दुर्गांनाही तो मिळाला. दोन्ही नोंदी एकाच सूचीत शेजारी आल्यामुळे मराठी वाचकाने या राजाकडे अधिक कुतूहलाने पाहावे असे मला वाटते. ज्याला आणखी एक दिवस काढणे शक्य आहे त्याने लिंडरहोफला अवश्य जावे. राजाच्या तीन मोठ्या प्रासादांपैकी त्याच्या हयातीत पूर्ण झालेला तो एकच आहे, आणि तेथील बागेत डोंगरातील गुहेचा कृत्रिम देखावा, सरोवर आणि शिंपल्याच्या आकाराची नाव यांसह, उभारलेला आहे. शाखेनला मात्र डोंगर चढून पायीच जावे लागते.