बेंबीपासून उजवीकडे : पोटाच्या मराठी परिभाषेचा आढावा

पोटाचे दुखणे घेऊन कुणी आले की डॉक्टरांचे दोन प्रश्न ठरलेले असतात. कुठे दुखतंय आणि कसं दुखतंय? पहिल्याचे उत्तर बोट ठेवून देता येते. दुसऱ्याला शब्द लागतात, आणि त्या बाबतीत मराठी रुग्ण श्रीमंत आहे. कळ येते, मुरडा येतो, ठणका लागतो, जळजळते, मळमळते, ढवळते, गुरगुरते, गुबारा धरतो, तडस लागते, आंबट पाणी घशाशी येते, करपट ढेकरा येतात. यातला एक शब्द दुसऱ्याच्या जागी चालत नाही. कळ येते, ओसरते, पुन्हा येते. आतडे किंवा मूत्रवाहिनी यांसारखी पोकळ नळी अडथळ्याला रेटू पाहते तेव्हाची ही वेदना. ठणका मात्र एका जागी ठाण मांडून बसतो. तिथे सूज किंवा पू असण्याचा संभव अधिक. मुरडा आला की शौचाला धावावे लागते, जाऊन आल्यावरही पोट मोकळे वाटत नाही. सोबत आव पडत असेल, तर मोठ्या आतड्याला सूज आली असावी हा अंदाज तपासणीआधीच बांधता येतो.

"काल बेंबीभोवती कळ येत होती, आता उजवीकडे खाली ठणकतंय." हे वाक्य ऐकून कोणताही अनुभवी शल्यविशारद सावध होतो, कारण अपेंडिक्सच्या, म्हणजे आंत्रपुच्छाच्या, दाहाची ही जवळजवळ पाठ्यपुस्तकातली हकिगत आहे. आंत्रपुच्छातून निघणारी संवेदना मज्जारज्जूच्या ज्या पातळीवर पोहोचते, तिथेच बेंबीभोवतीच्या त्वचेची संवेदनाही येते, म्हणून सुरुवातीला दुखणे बेंबीपाशी भासते. सूज पुढे पोटाच्या आतल्या अस्तराला, म्हणजे पर्युदराला लागली की दुखण्याची खरी जागा कळते. न्यूयॉर्कचे शल्यविशारद चार्ल्स मॅकबर्नी यांनी १८८९ साली ही जागा नेमकी दाखवून दिली, आणि ती आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते. रुग्णाच्या त्या एका वाक्यात कळ आणि ठणका हे दोन शब्द आहेत, बेंबी आणि उजवी बाजू या दोन जागा आहेत आणि काल-आजचा क्रमही आहे. त्याच माणसाने नुसते "पोटात दुखतंय" म्हटले असते, तर यातले काहीच हाती लागले नसते.

मराठीत पोटाची परिभाषा घडवण्याचे काम थोडेथोडके झालेले नाही. मुंबईत १८२६ साली देशी विद्यार्थ्यांसाठी वैद्यकाची शाळा निघाली. डॉ. जॉन मॅक्लेनन तिचे प्रमुख होते आणि शिकवणे देशी भाषांतून चालत असे. १८३२ साली ती बंद पडली. १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले आणि वैद्यकाच्या मुख्य शिक्षणाची भाषा इंग्रजी ठरली. स्वतंत्र महाराष्ट्र राज्य झाल्यावर भाषा संचालनालयाने शास्त्रवार परिभाषा कोश काढले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली मराठी विश्वकोशाचा परिभाषा संग्रह १९७३ साली आला आणि पहिला खंड १९७६ साली. अन्ननलिका, जठर, यकृत, पित्ताशय, स्वादुपिंड, बृहदांत्र, गुदाशय हे शब्द आज शाळेतली मुले सहज उच्चारतात, त्यामागे या मंडळींचे कष्ट आहेत. मला ते काम मोलाचे वाटते. सुमारे सहा मीटर लांबीच्या लहान आतड्याला नुसते 'आतडे' म्हणून शास्त्र शिकवता येत नाही. त्याचे तीन भाग वेगवेगळी कामे करतात. लोह मुख्यतः पहिल्या भागात शोषले जाते, ब-१२ जीवनसत्त्व अगदी शेवटच्या भागात. तेव्हा तिन्हींना नावे हवीतच.

अडचण झाली ती नावे एकाच झऱ्यातून घेतल्यामुळे. संस्कृत आणि त्यातही आयुर्वेद हा जवळचा साठा होता, पण आयुर्वेदातले शब्द आपापला अर्थ घेऊन आले. लहान आतड्याच्या पहिल्या भागाला ग्रहणी म्हणावे, तर ग्रहणी हे रोगाचेही नाव आहे आणि संग्रहणी तर घराघरात ठाऊक आहे. काही पुस्तके म्हणून आद्यांत्र म्हणतात. जठर आणि आमाशय एकाच अवयवासाठी चालतात. क्लोम म्हणजे नेमका कोणता अवयव, यावर जुन्या ग्रंथांच्या अभ्यासकांचे आजही एकमत नाही. एन्झाइमला कुठे विकर म्हणतात, कुठे वितंचक, कुठे सरळ एंझाइम. पुस्तक बदलले की मुलाला पोटही नव्याने शिकावे लागते.

सगळ्यात जास्त घोळ पित्ताचा आहे. यकृतात तयार होऊन पित्ताशयात साठणारे पित्त अल्कधर्मी असते आणि चरबी पचवायला मदत करते. "मला पित्त झालंय" म्हणणाऱ्या माणसाला बहुतेक वेळा जठरातल्या हायड्रोक्लोरिक आम्लाचा त्रास होत असतो. आयुर्वेदाने त्याला अम्लपित्त हे नाव दिले, पण बोलताना त्यातले अम्ल गळाले. अर्धे डोके ठणकून उलटी होते तेही पित्त, आणि अंगावर लाल गांधी उठतात तेही पित्त. म्हणून "पित्ताचा त्रास आहे" हे वाक्य ऐकून गोळी लिहून देणारा डॉक्टर अर्धशिशी, ॲलर्जी, आम्लता आणि पित्ताशयातले खडे यांपैकी कशावर औषध देतो आहे, हे त्याने विचारून घेतल्याशिवाय सांगता येणार नाही.

'गॅस' हा त्याहून अलीकडचा आणि माझ्या मते सगळ्यात घातक शब्द. हृदयाच्या खालच्या भागाला रक्त कमी पडले की दुखणे पुष्कळदा छातीत न जाणवता पोटाच्या वरच्या भागात, बरगड्यांच्या मधल्या खळगीत जाणवते. सोबत मळमळते, घाम सुटतो. घरातले म्हणतात, गॅस धरला असेल, सोडा-लिंबू दे. पहिले मोलाचे तास त्यात जातात. मधुमेही माणसात दुखणे आणखी अस्पष्ट असते. 'गॅस' या शब्दाने दुखण्याचे वर्णन होत नाही. निदान आधीच करून टाकले जाते आणि पुढचे प्रश्न तिथेच थांबतात.

'मूळव्याध'चेही तसेच. शौचावाटे रक्त गेले की मूळव्याध, हे आपल्याकडे गृहीतच आहे. लाजेपोटी माणूस दुकानातून मलम आणतो आणि वर्ष काढतो. मोठ्या आतड्याच्या कर्करोगातही रक्त जाते, व्रणातही जाते. रक्त लालभडक आहे की शौच डांबरासारखे काळे आणि चिकट आहे, एवढे जरी रुग्णाने सांगितले तरी डॉक्टरांना पुष्कळ कळते. काळा रंग बहुधा वरच्या बाजूला, जठरात किंवा आद्यांत्रात रक्तस्राव झाल्याचा असतो, कारण वाटेत रक्तावर आम्लाची प्रक्रिया झालेली असते. पण परसाकडे, बाहेरची बाजू, झाड्याला जाणे अशा आडपडद्याच्या शब्दांत वाढलेल्या माणसाला रंगाविषयी बोलायला जीभ रेटत नाही. कावीळही अशीच निसटती. ती रोगाची खूण आहे, पण लोक तिला रोगच मानतात आणि हिपॅटायटिस बीला पांढरी कावीळ म्हणतात. डोळे पिवळे दिसत नाहीत म्हणून धोका नाही, असा समज त्यातून पक्का होतो. हा विषाणू रक्तातून आणि आईकडून बाळाला जातो, त्यावर लस आहे, हे सांगायला त्या नावाचा काहीच उपयोग होत नाही.

लोकांनी स्वतः घडवलेले शब्द मात्र पाहावेत. एंडोस्कोपीला कोशात अंतर्दर्शन म्हणतात. दवाखान्याच्या बाकावर कुणीही तसे म्हणत नाही. तिथे "घशातून दुर्बीण टाकली", "दुर्बिणीचं ऑपरेशन झालं" असे बोलतात आणि म्हाताऱ्या आजीलाही ते कळते. पित्ताशयाला पित्ताची पिशवी म्हणतात. जलोदर हा जुना शब्द मागे पडून पोटात पाणी होणे आले. सरकारी बाजूनेही एक शब्द अप्रतिम जमला : जलसंजीवनी. साखर, मीठ आणि पाणी यांचे द्रावण हगवणीत मुलाचा जीव वाचवते, हे त्या नावातच आले, आणि आशा कार्यकर्तीला ते वाडीवस्तीवर समजावताना वेगळा अर्थ सांगावा लागत नाही. यावरून मी असे मानतो की संस्कृत शब्द अवघड असतात ही तक्रार खरी नाही. जलसंजीवनी संस्कृतच आहे. तो शब्द रुग्णाच्या गरजेकडे बघून घडवला गेला, तर बरेचसे शब्द इंग्रजी यादीकडे बघून घडवले गेले.

मध्य प्रदेशात २०२२ साली वैद्यकाच्या पहिल्या वर्षाची हिंदी पुस्तके आली. त्यांत बहुतेक इंग्रजी संज्ञा देवनागरीत तशाच ठेवल्या आहेत. मला तो निर्णय शहाणपणाचा वाटतो. विद्यार्थ्याला पुढे जगभरचे संशोधन वाचायचे असते, त्याने आद्यांत्राला ड्युओडेनमच म्हणावे. परिभाषेची खरी निकड रुग्ण आणि डॉक्टर यांच्यामधल्या टेबलावर आहे. शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रावर 'उदरच्छेदन व आवश्यक भासल्यास बृहदांत्रछिद्रीकरण' अशा थाटाचा मजकूर असतो आणि खाली अंगठा. त्याऐवजी 'पोट उघडून ऑपरेशन करू. गरज पडली तर मोठ्या आतड्याचे तोंड पोटावर काढू, शौच तिथून पिशवीत जमा होईल. ही सोय तात्पुरती की कायमची, ते आम्ही आधी सांगू' असे लिहिले, तर सही करणाऱ्याला निदान प्रश्न तरी विचारता येईल. सर्वोच्च न्यायालयाने २००८ सालच्या समीरा कोहली प्रकरणात संमती माहितीवर आधारलेली असली पाहिजे असे स्पष्ट केले आहे. न समजणाऱ्या मराठीत दिलेली माहिती ही माहिती कशी मानायची?

म्हणून आता जो कोश व्हायला हवा, तो उलट्या दिशेचा. शीर्षशब्द रुग्णाचा आणि पुढे डॉक्टरांसाठी खुलासा. 'तडस' कोण, कुठे, कशासाठी म्हणतो? 'ढाळ' आणि 'जुलाब' एकच की वेगळे? 'पोट साफ होत नाही' म्हणजे शौच कडक होते, रोज होत नाही, की होऊनही मोकळे वाटत नाही? 'पित्त' ऐकल्यावर विचारायचे प्रश्न कोणते? कोकण, खानदेश, मराठवाडा, विदर्भ यांच्या बोली त्यात हव्यात, कारण एका जिल्ह्यात शिकलेला डॉक्टर दुसऱ्या जिल्ह्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रावर जातो आणि तिथल्या पोटदुखीचे शब्द त्याने कधी ऐकलेले नसतात. हे काम भाषातज्ज्ञाने एकट्याने करायचे नाही. परिचारिका, आशा कार्यकर्ती, जुने फॅमिली डॉक्टर यांच्याजवळ हा साठा आहे, आणि त्यांच्याकडून तो लिहून घ्यायला बाह्यरुग्ण विभागातली एक वही पुरेशी आहे : तारीख, गाव, रुग्णाचे मूळ शब्द आणि शेवटी निघालेले निदान.