विश्लेषण : डुकरांच्या खाद्यातून माणसाच्या ‘अखेरच्या’ औषधाला धोका कसा?

अतिदक्षता विभागात इतर प्रतिजैविके निकामी ठरली की डॉक्टर ज्या मोजक्या औषधांकडे वळतात, त्यांपैकी एक म्हणजे कोलिस्टिन. चीनमध्ये हेच औषध अनेक वर्षे डुकरांच्या खाद्यात सर्रास मिसळले जात होते. त्याचे परिणाम काय झाले, चीनने ते कसे रोखले आणि भारतासाठी त्यात कोणता धडा आहे, याविषयी...

कोलिस्टिन इतके महत्त्वाचे का?

कोलिस्टिन १९५०च्या दशकापासून वापरात आहे. मूत्रपिंड आणि मज्जासंस्थेवरील दुष्परिणामांमुळे ते पुढे मागे पडले. मात्र क्लेबसिएला, ॲसिनेटोबॅक्टर यांसारखे जिवाणू कार्बापेनेम गटातील प्रभावी औषधांनाही दाद देईनासे झाले, तेव्हा नाइलाजाने ते परत आणावे लागले. भारतातील अतिदक्षता विभागांतही ते वापरले जाते. जागतिक आरोग्य संघटनेने या गटातील औषधांना माणसाच्या उपचारांसाठी अत्यंत महत्त्वाच्या औषधांमध्ये स्थान दिले आहे.

मग ते डुकरांना का दिले जाई?

व्यावसायिक वराहपालनात पिल्लांना तीन-चार आठवड्यांतच आईपासून वेगळे केले जाते. दूध तुटते, खाद्य बदलते, जागाही बदलते. या ताणात ई. कोलाय जिवाणूंमुळे अतिसार होतो आणि पिल्ले दगावतात. त्यावर कोलिस्टिन हा स्वस्त उपाय होता. हे औषध रक्तात फारसे शोषले जात नाही, आतड्यातच राहते. शिवाय अल्प मात्रेत रोज दिल्यास डुकरांचे वजन लवकर वाढते, म्हणून आजारी नसलेल्या कळपालाही ते खाद्यातून दिले जाई.

खरी अडचण इथेच आहे. कमी मात्रा, हजारो प्राणी आणि दीर्घ काळ या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की औषधाला बळी पडणारे जिवाणू मरतात. तग धरणारे उरतात आणि वाढतात.

संशोधकांना काय आढळले?

चीनमध्ये जनावरांमधील जिवाणूंची नियमित तपासणी सुरू असताना कोलिस्टिनला न जुमानणाऱ्या ई. कोलायचे प्रमाण वाढत असल्याचे दिसले. शांघायमधील एका डुकरातून २०१३ मध्ये मिळालेल्या अशाच जिवाणूत ‘एमसीआर-१’ हे नवे जनुक सापडले. नोव्हेंबर २०१५ मध्ये ‘द लॅन्सेट इन्फेक्शस डिसीजेस’ या नियतकालिकात हे संशोधन प्रसिद्ध झाले. २०११ ते २०१४ या काळातील ई. कोलायच्या नमुन्यांपैकी कच्च्या मांसातील १५ टक्के, जनावरांमधील २१ टक्के आणि रुग्णालयात दाखल रुग्णांमधील सुमारे १ टक्का नमुन्यांत हे जनुक होते.

या जनुकाची एवढी भीती का?

कोलिस्टिनवर धन विद्युतभार असतो. त्यामुळे ते जिवाणूच्या ऋणभारित बाह्य आवरणाला चिकटते आणि आवरण फोडते. एमसीआर-१ जनुक जे विकर तयार करते, ते या आवरणात असा रासायनिक बदल घडवते की त्यावरील ऋणभार कमी होतो. मग औषधाला पकडच मिळत नाही.

कोलिस्टिनविरोधी प्रतिरोध त्याआधीही माहीत होता. पण तो जिवाणूच्या मुख्य गुणसूत्रातील बदलांमुळे येई आणि त्याच जिवाणूच्या पुढच्या पिढ्यांपुरता राही. एमसीआर-१ मात्र प्लाझ्मिडवर, म्हणजे डीएनएच्या एका स्वतंत्र छोट्या वर्तुळावर होते. पेन ड्राइव्हवरून फाइल कॉपी करावी, तसे हे वर्तुळ एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे, अगदी वेगळ्या प्रजातीकडेही जाऊ शकते. २०१५च्या संशोधनानंतर अनेक देशांनी साठवलेले जुने नमुने पुन्हा तपासले, तेव्हा हे जनुक तिथेही आढळले.

डुकराचे मांस न खाणाऱ्यांना धोका नाही?

तसे नाही. मांस नीट शिजवले तर हे जिवाणू मरतात. पण ते केवळ मांसातून पसरत नाहीत. फार्मवर काम करणाऱ्यांचे हात, शेतात टाकलेले शेण, सांडपाणी, कच्चे मांस कापलेली सुरी असे अनेक मार्ग आहेत. चीनमध्ये २०१६ मध्ये तपासलेल्या निरोगी व्यक्तींपैकी १४.३ टक्के लोकांच्या आतड्यात एमसीआर-१ असलेले ई. कोलाय होते. ते एरवी त्रास देत नाहीत, पण गंभीर संसर्ग झाल्यास उपचारांचा एक मार्ग बंद करू शकतात.

बंदीचा परिणाम झाला का?

चीनने ३० एप्रिल २०१७ पासून वाढीसाठी कोलिस्टिन देण्यावर बंदी घातली. आजारी जनावरांच्या उपचारांसाठी मुभा कायम ठेवली. कोलिस्टिनयुक्त खाद्यमिश्रणाचे उत्पादन २०१५ मधील २७,१७० टनांवरून २०१८ मध्ये २,४९७ टनांवर आले. डुकरांमधील कोलिस्टिन-प्रतिरोधक ई. कोलायचे प्रमाण २०१५-१६ मध्ये ३४ टक्के होते, ते २०१७-१८ मध्ये ५.१ टक्के झाले. निरोगी माणसांमधील १४.३ टक्क्यांचे प्रमाणही २०१९ मध्ये ६.३ टक्क्यांवर आले.

म्हणजे जनुक नाहीसे झाले नाही, पण औषधाचा दाब हटताच ते मागे हटले. एकदा आलेला प्रतिरोध परतवता येत नाही, हा समज या आकडेवारीने खोटा ठरवला.

भारतात काय स्थिती आहे?

२०१९च्या पशुगणनेनुसार देशात सुमारे ९० लाख डुकरे आहेत, सर्वाधिक आसाममध्ये. आपल्याकडे कोलिस्टिनची चर्चा प्रामुख्याने कुक्कुटपालनाच्या संदर्भात झाली. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जुलै २०१९ मध्ये अन्नासाठी पाळले जाणारे प्राणी, कुक्कुटपालन, मत्स्यशेती आणि पशुखाद्यातील पूरकांसाठी कोलिस्टिनचे उत्पादन, विक्री व वितरण यांवर बंदी घातली. उपचारांसाठीही सूट नसल्याने कागदावर ही बंदी चीनपेक्षा कडक आहे.

मात्र चीनला बंदीचे यश आकड्यांत दाखवता आले, कारण तिथे बंदीआधी आणि बंदीनंतरही फार्म, मांस, माणसे आणि रुग्णालये यांतील नमुने तपासले गेले. आपल्या बंदीचे फळ कळायचे असेल, तर गोठ्यापासून अतिदक्षता विभागापर्यंत तशीच सातत्याने मोजणी व्हायला हवी.