गुबगुबीत अक्षरांची जागा

परवा घरी एक गंमत झाली. नातीच्या वाढदिवसाचे कार्ड छापून आले. ते पाहून ती म्हणाली, "आजोबा, ही अक्षरं जेवून आलीत का?" अक्षरे होतीच तशी. गाल फुगलेली, पोट सुटलेली, पंगतीत दाटीवाटीने बसलेल्या पाहुण्यांसारखी एकमेकांना खेटलेली. चौकशी केली तेव्हा कळले की, या अक्षरवळणाचे नावच मुळी 'मोदक' आहे!

बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला अक्षर म्हणजे पुरावा. सही जुळते का, आकडी आणि अक्षरी रक्कम एक आहे का, एवढेच आम्ही पाहणार. अक्षराला पोट असते, हे मला निवृत्तीनंतर समजले.

'मोदक' घडवला मुंबईच्या 'एक टाईप' या अक्षरकारांच्या समूहाने. सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांनी त्याची देवनागरी अक्षरे रेखाटली. हा फाँट कोणालाही फुकट वापरता येतो. दिसायला पोरखेळ, पण काम अवघड. 'व'च्या पोटात एक तिरकी रेघ ओढली की 'ब' होतो, 'प'च्या पोटात ओढली की 'ष' होतो. म्हणजे आपल्या लिपीचा अर्थ पुष्कळदा पोटातच असतो! अक्षर लठ्ठ होत गेले की ती पोकळी बुजते आणि 'बाप'चा 'वाप' व्हायला वेळ लागत नाही. इथे अक्षरकारांनी पोकळीची बारीक फट तेवढी शिल्लक ठेवली. मोदकाला कळ्या पाडाव्यात तशी. तेवढ्या फटीवर डोळा अक्षर ओळखतो.

याच मंडळींनी पुढे २०१६ मध्ये 'बालू' नावाचे आणखी एक गुटगुटीत वळण काढले. नाव 'जंगल बुक'मधल्या अस्वलाचे. ते वेगवेगळ्या भारतीय लिप्यांत आले आणि बहुतेक लिप्यांत त्याला तिथल्या भावाचे नाव मिळाले. गुजरातीत 'भाई', गुरुमुखीत 'पाजी', तमिळमध्ये 'थंबी', मल्याळममध्ये 'चेट्टन'. अक्षरांनीही भाऊबंदकी न करता नांदावे, याचे मला कौतुक वाटले.

पण हेच गोड अक्षर एकदा मला बोचले. मागच्या भाद्रपदात आमच्या ओळखीचे एक निवृत्त शिक्षक गेले. आग्रा रोडवर त्यांचा फ्लेक्स लागला. वर फोटो आणि खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली', याच फुगीर अक्षरांत. गणपतीचे दिवस, दुकानातल्या मुलाने हाताशी होते ते वळण टाकले असणार. शाळेची दोन पोरे फलकाकडे बोट दाखवून हसत होती. तेवढ्यात गुरुजींची मुलगी रस्त्याने आली. तिने वर पाहिले आणि मान खाली घालून ती पुढे गेली. पोरांना काय बोलणार? ती अक्षरांना हसत होती, गुरुजींना नाही. पण लेकीने ते कसे ओळखावे?

समोरच्या ओट्यावर आमचे जुने पेंटर बसले होते. एके काळी धुळ्यातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्यांच्या ब्रशातून उतरलेल्या. फ्लेक्स यायच्या आधी ते कॉम्प्युटरसाठी कर्ज मागायला माझ्याकडे आले होते. जामीनदार नव्हता, मी अर्ज परत केला. नियमाने मी बरोबर होतो. मनाला मात्र ते अजून पटत नाही.

मी म्हणालो, "पेंटर, काय हे अक्षर!"

ते शांतपणे म्हणाले, "सायेब, अक्षर गोड शे. जागा चुकनी."

मग त्यांनी मला शिकवणीच दिली. मिठाईवाल्याला भरदार अक्षर, बांगड्यांच्या दुकानाला गोल, वकिलाच्या पाटीला ताठ. "दुखले बारीक अक्षर लागस," ते म्हणाले. जे त्यांना ब्रशाने शिकवले, ते मी चाळीस वर्षे कागद हाताळूनही शिकलो नव्हतो.

खरे तर हा धडा धुळेकराला नवा नसावा. समर्थ वाग्देवता मंदिरात रामदासी परंपरेची हस्तलिखिते जपलेली आहेत. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास तर अक्षर कसे लिहावे यावरच आहे. समर्थांना अक्षर हवे होते ते सुबक आणि मोकळे, म्हाताऱ्या डोळ्यांनाही वाचता येणारे. 'मोदका'ने तर मोकळी जागाच गिळून टाकली! त्यात पोथी छापाल तर पहिल्या पानावरच डोळे दुखतील. पण चार शब्द मोठ्या आकारात लिहायचे असतील, बालवाडीची पाटी असेल, गोष्टीच्या पुस्तकाचे नाव असेल, गणेश मंडळाचा फलक असेल, तर याच्यासारखा यजमान नाही. तो वाचायच्या आधीच हसवतो. त्याचा गुण तोच आणि चुकीच्या दारी दोषही तोच.

असो. परवा नातीचे कार्ड घेऊन मी पुन्हा त्या ओट्यावर गेलो. पेंटरांनी ते डोळ्यांशी नेले, 'व'च्या पोटातल्या फटीवरून अंगठा फिरवला आणि बोळक्या तोंडाने हसले.

"आठे जागा बराबर शे," म्हणाले आणि कार्ड त्यांनी खिशात ठेवून दिले. वाढदिवसाला या, हे सांगायचे मला सुचले ते त्यानंतर.